मास्तरांचं दुसरं हत्यार

१२ मार्च

दादा,

पाकिटावरचं अक्षर बघून दचकू नकोस. घरी सगळे ठीक आहेत.

फोनच करणार होते. पण फोनवर आपलं काय होतं ते तुला ठाऊक आहे. तू म्हणतोस "बरंय ना सगळं?", मी म्हणते "हो, तुझं?", आणि मग दोघंही आपापल्या भिंतीकडे बघत बसतो. शिवाय आपल्या घरात फोनवर बोललेलं स्वयंपाकघरापर्यंत जातं आणि हल्ली बाबांचे कान फार तिखट झालेत. म्हणून एसटी डेपोत, कामावर, चौकशीच्या खिडकीत बसून लिहितेय. इथे दोन गाड्यांच्या मध्ये कोणी फिरकत नाही, आणि आलंच तर एकच विचारतं, "लागली का?" मी म्हणते, "नाही लागली." तेवढ्यानं वाक्य तुटत नाही.

मुद्द्याचं सांगते. मी फॉइल सोडलं. इपी धरलं.

आता मनसोक्त हसून घे. ज्या बाबांनी जन्मभर तलवारबाजीत फक्त फॉइल शिकवलं, तुला-मला चालायला शिकवायच्या आधी पवित्र्यात उभं राहायला शिकवलं, त्यांच्याच हॉलमध्ये त्यांचीच मुलगी इपी घेऊन उभी आहे. का, असं विचारशील. कंटाळा आला म्हण. बाबांनी काही म्हटलं नाही. खरंच नाही. तू इपी घेतलंस तेव्हा ते "वाट बघत बसणाऱ्यांचं हत्यार" वगैरे जे बोलले होते, तसलं तर काहीच नाही. मान अवघडल्यामुळे जरा तिरपं बघतात, एवढंच.

मला तुझी मदत हवी आहे. इथे इपी येणारं माणूस एकच, आणि तेच मला रोज बडवतं. चौकातल्या औषधाच्या दुकानवाल्या काकू आठवतात? त्याच. पन्नाशी उलटलेल्या, त्यात डावऱ्या. माहेरी असताना शिकल्या होत्या म्हणे. डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी व्यायाम सांगितला म्हणून हॉलला यायला लागल्या. दुकानात सुट्टे पैसे परत देतात ना, तितक्या शांतपणे माझे पॉइंट काढून घेतात.

होतं असं. मी त्यांचं पातं अडवते, अगदी सुबक अडवते, आणि अडवल्यावर सवयीनं क्षणभर थांबते. फॉइलमध्ये अडवलं की पुढचा हल्ला करायचा हक्क आपला, पंच तसंच मानतो. इथे टोक टेकलं की पेटीवर दिवा लागतो, आणि पंच नुसता त्या दिव्याकडे बघतो. मला हक्क मिळाल्याचा आनंद होतोय तोवर काकूंचं टोक माझ्या मनगटावर बसलेलं असतं. वर विचारतात, "लागलं का गं?"

दुसरं, माझा हात. फॉइलमध्ये हाताला लागलेलं धरतच नाहीत, त्यामुळे तो कसाही मोकळा हिंडायचा. आता तोच पहिला सापडतो. आणि हे हत्यार जड किती! रात्री उशीवर कुठला खांदा ठेवायचा तेच कळत नाही.

काय करू ते लिही. मोठं लिहू नकोस, तुला ते जमत नाही. फक्त काय करू तेवढं.

तुझी,
मुंगी

३० मार्च

दादा,

तुझं उत्तर मिळालं. नमस्कार नाही, चमत्कार नाही. औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचल्यासारखं वाटलं. "हात मुठीवरच्या वाटीच्या मागे. कोपर आत. उभी राहतेस त्याच्या अर्धं पाऊल मागे उभी राहा. अडवल्यावर पातं सोडू नकोस, त्याला चिकटूनच पुढे सरक. हात आधी, पाय नंतर. चेंडू टांग." आईला दाखवलं. ती उलटसुलट करून म्हणाली, "अक्षर काही सुधारलं नाही. पण कागद चांगला वापरतो." मग तो घेऊन आत गेली, ती बऱ्याच वेळानं बाहेर आली.

पण दादा, उपयोग होतोय.

चेंडू आईच्या शिवणाच्या खोलीच्या दारात टांगलाय, कारण घरात उंच चौकट तेवढीच आहे. मी दाराबाहेर उभी राहून टोचते, आत आईचं मशीन चालतं. परवा एक बाई ब्लाउज घालून बघायला आल्या. दारात मी तलवार घेऊन उभी. त्या तशाच दोन पायऱ्या खाली उतरल्या. आई ओरडली, "या हो या, ती आमचीच आहे!"

नंतर आईनं विचारलं, "तुमच्या या दोन तलवारींत फरक काय ते एकदा मला सांग. इतकी वर्षं जॅकेटं शिवतेय, पण कधी कळलं नाही."

मी सांगितलं, की फॉइलमध्ये फक्त धडावर मारायचं, आणि दोघांना एकदम लागलं तर आधी कोणी सुरुवात केली ते पंच ठरवतो, त्यालाच पॉइंट. इपीत केसापासून बुटापर्यंत कुठेही मारा. आधी कोणी सुरुवात केली ते कोणी विचारत नाही. दोघांना एकदम लागलं, तर दोघांना पॉइंट.

आईनं दोरा दातानं तोडला. "म्हणजे संसारच की."

अर्धं पाऊल मागे उभं राहणं सगळ्यात कठीण जातंय. मला सारखं वाटतं मी लढतच नाहीये, नुसती गंमत बघतेय. पण काकूंना माझ्यापर्यंत यायला आता जास्त यावं लागतं, आणि येताना त्यांचा हात आधी येतो. काल तो मला दिसला. वाटीच्या वरच्या कडेवरून, मनगटाच्या अगदी काठावर मी टोक टेकवलं. दिवा लागला. मी आनंदानं उडीच मारली. काकू मास्कच्या आतून म्हणाल्या, "शाब्बास. आता दुसऱ्यांदा मारून दाखव." दुसऱ्यांदा त्यांनी मला पायाच्या अंगठ्यावर मारलं.

धडे बाबा देतात. हो, इपीचे. बाबाच. त्यांना इपी येत नाही हे तुला माहीत आहे आणि त्यांनाही माहीत आहे. ते फॉइलसारखं अडवतात, मी फॉइलसारखी अडवते, आणि मग दोघंही हक्काची वाट बघत उभे. काकू बाकावर बसून हसतात.

तू पत्राच्या शेवटी विचारलंस, मान कशानं अवघडली. काय सांगू, वय झालं. शेकतात अधूनमधून.

मुंगी

१९ एप्रिल

दादा,

तू परत मानेबद्दलच विचारलंस. तीन ओळींच्या पत्रात दोन ओळी मानेवर. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात आता काही अर्थ नाही. बाबांनी मला आणि आईला शपथ घातली होती, की हे हॉलमध्ये कळता कामा नये आणि "त्याला" तर मुळीच नाही. मी शपथ मोडतेय.

त्यांच्या मानेला काही झालेलं नाही. डोळे गेलेत. सगळे नाही, मधले. कडेचं दिसतं, दार, खिडकी, पायऱ्या, समोरून येणारी सायकल. पण ज्याच्याकडे नीट बघावं तेच नाहीसं होतं. माणसाचा चेहरा असतो तिथे धुरकट डाग. म्हणून ते मान वळवून कडेनं बघतात. रागावलेत असं लोकांना वाटतं, आणि ते बाबांना बरंच वाटतं. निदान कोणी खोलात जात नाही. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, पण कडा राहतील. आई म्हणाली, "राहतील ना? मग कडेनं चालू."

हॉलमध्ये त्यांनी बरेच महिने झाकून नेलं. मुलांना आवाजावरून ओळखायचे, बुटांवरून ओळखायचे. पण फॉइलचा निकाल बुटांवरून देता येत नाही. एका संध्याकाळी दोन मुलींची सरावाची लढत चालली होती, बाबा पंच. दोन्ही दिवे एकदम लागले. बाबा म्हणाले, "हल्ला डावीकडून." सगळ्यांनी बघितलं होतं की डावीकडची नुसती मागे सरकत होती. जिला पॉइंट मिळाला होता, तीच मुलगी मास्क काढून म्हणाली, "मास्तर, नाही. पॉइंट तिचा आहे."

बाबा म्हणाले, "बरोबर आहे तुझं." आणि बाकी लढती मला बघायला सांगून बाकावर जाऊन बसले.

घरी येऊन हातमोजा खिळ्याला अडकवला. "आता पुरे," म्हणाले. दुसऱ्या दिवशी हॉलला गेले नाहीत. त्यानंतरही नाही. दादा, तो माणूस सकाळी उठून हॉलला गेला नाही तर जाणार कुठे? खिडकीत बसून राहायचे. खाली सुताराच्या दुकानात रंधा चालला की कान द्यायचे आणि म्हणायचे, "आज सागवान आहे." आई त्यांना मटार सोलायला द्यायची. ते इतके मन लावून सोलायचे, की आईलाच रडू यायचं आणि ती मशीन जोरात चालवायची.

तेव्हा मी हॉलच्या मागच्या खोलीतून तुझं जुनं इपी काढलं. ते गंजलं नव्हतं. कोणीतरी वेळोवेळी तेल लावत होतं. आई म्हणते मी नाही. मी तर नाहीच.

ते त्यांच्या हातात दिलं. म्हटलं, "मला शिकवा."

"मला येत नाही."

"मग दोघं शिकू."

"का? फॉइलनं काय घोडं मारलंय?"

मी म्हटलं, "यात आधी कोण, ते बघावं लागत नाही. दिवा लागतो, पेटी वाजते. बास."

बाबा खूप वेळ मूठ चाचपत बसले. मला वाटलं आता ओरडणार. "कीव करतेस माझी?"

"बाबा, मला जिल्ह्याच्या स्पर्धेला उतरायचंय आणि पॉइंट एक मिळत नाही. कीव माझी करा."

"मास्क घाल," म्हणाले.

तर पहिल्या पत्रात लिहिलेला कंटाळा हा असा होता.

धडा देताना ते माझ्या पात्याला पातं लावून उभे राहतात. तोंड माझ्याकडे नसतं, दाराकडे असतं. आणि तरी माझं कोपर बोटभर बाहेर गेलं की, "कोपर!" वजन पुढच्या पायावर गेलं की, "मागे ये!" मी विचारलं, कसं कळतं? म्हणाले, "पातं सगळं सांगतं. तू मध्ये बडबडू नकोस, मला ऐकू येत नाही."

आता तुला सगळं कळलं. कळलंय असं त्यांना कळू देऊ नकोस. आणि दादा, एकदम पैसेबिसे पाठवू नकोस, मोठ्या शहरातल्या डॉक्टरांचे पत्ते पाठवू नकोस. सगळं करून झालंय. इपीबद्दल लिही. त्याचा खरंच उपयोग आहे.

मुंगी

७ मे

दादा,

तुझं पत्र पहिल्यांदाच पानाच्या मागच्या बाजूला गेलं. मी ते डेपोत वाचलं. खिडकीसमोर एक आजोबा येऊन तीनदा "लागली का" विचारून गेले, मी उत्तर दिलं नाही, शेवटी तेच मला "रडू नकोस, लागेल" म्हणून गेले.

मागच्या बाजूला जे शिकवलं होतंस त्याचं पुढे काय झालं ते ऐक. पात्यावर हलकेच दोनदा टिचकी द्यायची, घाई करायची नाही, समोरचा उत्तर द्यायला हलला की त्याच्या हाताखालून जाऊन मनगट गाठायचं. आधी चेंडूवर केलं. मग काकूंवर केलं, त्या म्हणाल्या, "अगं बाई!" आणि परवा सकाळी बाबांवर केलं.

जमलं. टोक मऊ बसलं. मला वाटलं आता शाबासकी मिळणार. बाबांनी पातं खाली केलं.

"परत कर."

केलं.

"परत."

या खेपेला त्यांनी उत्तर दिलंच नाही. नुसतं पात्याला पातं लावून उभे राहिले. हॉलमध्ये आम्ही दोघंच होतो, वर पंखा फिरत होता.

"हे तुला काकूंनी नाही शिकवलं."

"नाही."

"ही टिचकी एका पोराच्या हातातून काढायला मी जंग जंग पछाडलं होतं. फॉइलमध्ये ती खोड. दार वाजवून घरात शिरणारा चोर, असं म्हणायचो मी त्याला."

"इपीत चालते ती, बाबा."

"चालते कशाला, शोभते." त्यांनी मास्क काढला. घाम पुसला. बराच वेळ पुसला. "कधीपासून लिहितोय?"

मी सांगितलं. डोळ्यांचं मी तुला कळवलं तेही सांगितलं. म्हटलं एकदाच काय ते होऊन जाऊ दे.

ते जिना उतरले, कठड्याला हात न लावता, आणि घरी येईपर्यंत माझ्या पुढे चालले. जेवले. हात धुऊन खिडकीशी बसले, आणि मग म्हणाले, "आण ती पत्रं."

"कोणती?"

"विजेच्या बिलांची! आण म्हटलं ना."

मी पहिल्यापासून वाचून दाखवली. आईनं मशीन बंद केलं, पण जागची हलली नाही. आपण ऐकत नाही असं दाखवत एकच बटण लावत बसली. पहिलं पत्र दहा सेकंदांत संपलं. बाबा म्हणाले, "झालं? एवढंच?" मी म्हटलं, एवढंच. "कोणावर गेलाय कोण जाणे," म्हणाले. आईनं आतून आवाज दिला, "शोधा हं, सापडेल."

डोळ्यांबद्दलचा भाग आला तेव्हा मी जरा भराभर वाचायला लागले. त्यांनी हात वर केला. "सावकाश वाच. घाई असेल तर उद्या वाच." म्हणून सावकाश वाचलं. तू लिहिलेलं सगळं, तेही. त्यावर मी इथे काही लिहीत नाही. एवढंच सांगते, की आईचं बटण शेवटी उलट्या बाजूला लागलं होतं.

मग म्हणाले, "ते मुठीचं परत वाच. पातं फिरवताना."

वाचलं.

"इथे तो अर्धं सांगून थांबलाय. पातं खालून न्यायचं, ते अंगठ्यानं की बोटांनी? आधी काय? त्याला विचार."

"तुम्ही विचारलंय म्हणून लिहू?"

"माझं नाव कशाला? तुला पडलाय प्रश्न."

"मला नाही पडला."

"मग पाड."

आई बाहेर आली. "अहो, सरळ बोलावून घ्या की त्याला. एवढ्याशा अंगठ्यासाठी पोस्टाला कशाला त्रास?"

बाबा खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "बोटींच्या कारखान्यात अशी सुट्टी मिळते का? तिथे कामं असतात लोकांना."

तर दादा, मला प्रश्न पडलाय: अंगठा आधी की बोटं आधी? आणि त्याच्या जोडीला दुसरा एक प्रश्न आपोआप पडलाय, तो असा की बोटींच्या कारखान्यात सुट्टी मिळते का. दोन्हींचं उत्तर पत्रानं दिलंस तरी चालेल. नाही दिलंस आणि नुसताच आलास तरी चालेल.

मुंगी

४ जून

दादा,

नीट पोचलास हे कळलं. आईनं बांधून दिलेला डबा गाडीत उघडलास की पोचल्यावर, ते मात्र लिहिलं नाहीस. ती रोज विचारते.

तू इथे होतास तेव्हाचं तुलाच काय सांगायचं? पण तू मास्कच्या आत होतास आणि मी बाहेर, त्यामुळे काही गोष्टी मलाच दिसल्या. त्या तुला देऊन टाकते.

तू यायच्या आदल्या दिवशी बाबांनी हॉलची फरशी स्वतः पुसली. कडेला हात लावून लावून, गुडघ्यांवर बसून. मी मदतीला गेले तर म्हणाले, "तू मधलं पुस. मधलं मला दिसत नाही." आपल्या डोळ्यांबद्दल त्यांनी विनोद केलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

तुम्ही दोघं समोरासमोर उभे राहिलात तेव्हा ते तुला म्हणाले, "मी विद्यार्थी. मला तसंच वागव." आणि लगेच, "पण अरेतुरे करायचं नाही." तू हसलास, म्हणून पुढचं तुला दिसलं नाही. त्यांनी पातं वर केलं तेव्हा ते हवेत तुझं पातं शोधत होतं. मग तुझं त्याला लागलं आणि ते थांबलं.

आई जिन्यात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. मी म्हटलं, आत जा की. म्हणाली, "नको. एकदा हे 'परत' म्हणतात, एकदा तो 'परत' म्हणतो. मध्ये कोण जाणार?" चहा पार गार झाला. तसाच पिऊन टाकलात तुम्ही. बाबांनी साखर कमी आहे हेही म्हटलं नाही. आईनं साखर घातलीच नव्हती, गडबडीत विसरली होती.

तू त्यांना म्हणालास, "बाबा, अडवल्यावर थांबता तुम्ही."

"हक्क मिळाला ना मला."

"इथे तो कोणी देत नाही. सरका पुढे."

ते सरकले, आणि त्यांचं टोक तुझ्या खांद्यावर बसलं. तू म्हणालास, "असं!" तू असं म्हणालास ते अगदी त्यांच्या आवाजात म्हणालास. तुला कळलं नसेल. त्यांना कळलं. मास्कच्या जाळीतून मला त्यांचे दात दिसले.

तू गेल्यावर झालेल्या जिल्ह्याच्या स्पर्धेचं सांगते. तिसरी आले. हसू नकोस, पहिलंच वर्ष आहे. पहिल्या फेरीतल्या मुली माझ्यासारख्याच, फॉइल सोडून आलेल्या. त्यांचे हात मोकळे हिंडत होते, मी गोळा करत गेले. उपांत्य फेरीत काकू. बरोबरीत आलो, एकच पॉइंट उरला. मी अर्धं पाऊल मागे उभी राहिले. खरंच राहिले. त्यांनी वाट बघितली, मीही बघितली. पंच दोनदा म्हणाला, "लढा!" शेवटी मलाच धीर धरवला नाही. पाय आधी गेला, हात नंतर. तेवढं त्यांना पुरलं. मास्क काढून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "भावाला लिही, पाय बांधून ठेव म्हणावं हिचा." बाबा मैदानाच्या कडेला खुर्चीवर बसून होते. मी जाऊन सांगायच्या आतच म्हणाले, "बूट आधी वाजला. ऐकलं मी."

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

तुझी गाडी सुटल्यावर बाबा घरी आले नाहीत, सरळ हॉलला गेले. रविवारी सगळ्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना बोलवा म्हणाले. आईनं विचारलं, काय बोलणार आहात? म्हणाले, "जे आहे ते." आईनं त्यांचा पांढरा शर्ट इस्त्री केला. इस्त्री फार वेळ चालली होती.

हॉल भरला होता. बाक कमी पडले, माणसं भिंतीला टेकून उभी होती. बाबा मध्ये जाऊन उभे राहिले. आधी घसा साफ केला, मग सरळ बोलायला लागले.

"मला समोरचं दिसत नाही. वर्ष होऊन गेलं. मी सांगितलं नाही. तुमची मुलं माझ्या हाताखाली आहेत, तुम्हाला कळायला हवं. फॉइलचे निकाल यापुढे मी देणार नाही. ते ही देईल." हे माझ्याकडे हात करून, हात जरा काकूंकडे गेला, मी दोन पावलं सरकून त्याच्या समोर आले. "ज्यांना दुसरा मास्तर बघायचा असेल त्यांनी बघावा, मला वाईट वाटणार नाही. म्हणजे वाटेल, पण तो माझा प्रश्न."

एका लहान मुलीनं विचारलं, "मास्तर, मग मी आत्ता कशी दिसतेय?" तिची आई तिला गप्प करायला धावली. बाबा म्हणाले, "तू पंखा आणि खिडकीच्या मध्ये हिरव्या रंगाची दिसतेस." ती खरंच हिरव्या फ्रॉकमध्ये होती. सगळे हसले, आणि मग श्वास घेता आला.

"मी इथे इपी शिकवणार आहे," बाबा म्हणाले. "ते हाताला कळतं, डोळ्यांवाचून अडत नाही. पण खरं सांगतो, मला ते अजून पुरतं येत नाही. फॉइलच्या सवयी हाडात मुरल्यात, मोडायला वेळ लागतोय. मी शिकतोय."

मागून कोणाचे तरी वडील म्हणाले, "या वयात, मास्तर? तुम्हाला कोण शिकवतं?"

दादा, बाबांनी ताठ उभं राहून उत्तर दिलं. पवित्र्यात उभे राहतात तसं.

"माझा मुलगा," ते म्हणाले. "लांब असतो. पत्रानं शिकवतो."

आणि माणसं टाळ्या वाजवायला लागली तेव्हा त्यांचं अजून संपलं नव्हतं. हात वर करून त्यांनी सगळ्यांना थांबवलं.

"अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आहेत नुसते," म्हणाले. "पण शिकवतो फार चांगलं."

तुझी,
मुंगी